कटकटणारा एलएसडी मेलेला नसतो

नागपुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतंय. म्हणणं असं: जुन्या एसयूव्हीत एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल; डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी, आणि एलएसडी एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला थोडा जोर देतो) असला की काळ्या मातीतही गाडी फसत नाही; वळताना मागून कटकट आली की एलएसडी संपला, अख्खं डिफरन्शियल बदला; ऑइल कोणतंही ९० नंबरचं चालतं; आणि मागची दोन्ही चाकं उचलून एक फिरवल्यावर दुसरं उलट फिरलं की माल ठणठणीत.

दुसऱ्या मुद्द्यापायी लोकांचे पैसे जातात, म्हणून आधी तोच.

प्लेटवाल्या एलएसडीत बाजूच्या गिअरमागे बाइकच्या क्लचसारखी चकत्यांची चळत असते. एक लायनिंगची, एक पोलादी, परत लायनिंगची. स्प्रिंग त्यांना दाबून धरते. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, तेव्हा या चकत्या एकमेकींवरून अलगद सरकायला हव्यात, आणि त्यासाठी ऑइलमध्ये एलएसडीचं खास अ‍ॅडिटिव्ह लागतं. साधं गिअर ऑइल भरलं किंवा जुनं थकलं, की चकत्या चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. कटकट ती हीच. म्हणजे चकत्या अजून धरताहेत! लायनिंग खरंच संपली की गाडी साध्या डिफरन्शियलसारखी गुमान वळते, आवाज नाही की काही नाही.

माझ्या गाडीला हिंगण्याकडच्या एका मिस्त्रीनं ‘नवीनच टाकून घ्या भाऊ’ म्हणून सांगितलं होतं. मी आधी ऑइल काढायला लावलं. चुंबकी बोल्टवर करडा लेप होता. बोटांत चोळला तर पिठासारखा मऊ, गिअरच्या दाताचा तुकडा एकही नाही. एलएसडीचं ऑइल भरलं आणि मोकळ्या मैदानात हळूहळू आठचा आकडा काढत दहा-बारा फेऱ्या मारल्या. (इंग्रजी आठ. मराठी आठनं काही होणार नाही.) कटकट गेली. तिसऱ्या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं.

पण आवाज ऑइलनं गेला की झिजेनं, हे तपासायचं कसं? फॉरवर्डमधली तपासणी नेमकी उलटी आहे. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाका आणि मागची दोन्ही चाकं उचला. चांगल्या एलएसडीत चाक हातानं हलता हलत नाही. दुसरं चाक सहज उलट फिरलं, तर चकत्या गेल्या. २०१५ नंतरच्या काही थारमध्ये मात्र एलएसडी नाही, मेकॅनिकल लॉकर असतो, म्हणजे एक चाक जोरात घसरलं की दोन्ही चाकं आपोआप जखडणारा. तिथं हातानं हळू फिरवल्यावर दुसरं चाक उलट फिरणारच. तेवढ्यावरून घाबरू नका.

झिजेचं एक खरं कारण फॉरवर्डमध्ये नाहीच: मागे एक नवा टायर, एक स्टेपनीचा जुना. घेरात एक टक्क्याचा फरक धरा. समृद्धीच्या ७०१ किलोमीटरमध्ये लहान चाकाला दुसऱ्यापेक्षा सुमारे ७ किलोमीटरचे फेरे जास्त घ्यावे लागतात, आणि तो फरक सरळ रस्त्यावर चकत्या नाहीतर टायर घासून भरून काढतात. वर मे महिन्यातलं आपलं ऊन.

उरली काळी माती. एक चाक हवेत तरंगलं तर दुसऱ्याला चकत्यांच्या पकडीपुरताच जोर मिळतो, तोही जुन्या गाडीत घटलेला. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर तो थोडा ओढून हळू रेस द्या. फिरणाऱ्या चाकाला अडवलं की दुसऱ्याला जोर जातो. पण दोन्ही चाकं चिखलात बुडाली असतील तर एलएसडी काय करणार बाप्पा? काटोल रस्त्यावरच्या संत्र्याच्या बागेतून ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.