चांदीचं ड्रेसिंग कधी थांबवायचं?

जखमेच्या ड्रेसिंगवर मायदेशी वाद होतो तो बहुतेक किमतीचा. परदेशात सर्रास मिळणारं चांदीचं ड्रेसिंग (जंतू मारण्यासाठी चांदी घातलेली पट्टी) आपल्या सरकारी रुग्णालयात का नाही, असं एक बाजू विचारते. दुसरी म्हणते, बीटाडीन आणि गॉज पुरे, बाकी कंपन्यांचा धंदा. ब्रिटनमध्ये मात्र मुख्य प्रश्न वेगळा असतो: हे ड्रेसिंग आज का लावलं आणि कधी बंद करणार?

2009 साली प्रसिद्ध झालेल्या व्हल्कन या ब्रिटिश चाचणीत चांदीच्या ड्रेसिंगची साध्या ड्रेसिंगशी तुलना केली. तीत पायाच्या शिरांच्या व्रणाचे (शिरांत रक्त साचून होणारी, लवकर न भरणारी जखम) 213 रुग्ण होते. खर्च सरकारी होता. बारा आठवड्यांत चांदीच्या गटात सुमारे 60 टक्के व्रण भरले, साध्या ड्रेसिंगच्या गटात 57 टक्के. म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. दाबपट्टी दोन्ही गटांना बांधली होती आणि शिरांचा व्रण भरतो तो मुख्यतः तिच्यामुळे. (दाबपट्टीआधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर पाहायलाच हवं, धमनीत अडथळा असेल तर पाय गमवावा लागू शकतो.) मधुमेहातल्या पायाच्या जखमेतही ड्रेसिंगपेक्षा मूळ कारण महत्त्वाचं. तळव्यावरचा भार काढला नाही, तर वर काहीही लावा.

मग चांदी कधी? भोवती लाली आणि ऊब, वाढतं दुखणं, पू, दुर्गंधी, भरत आलेली जखम थबकणं, अशी स्थानिक संसर्गाची लक्षणं असतील तेव्हा. तीही दोन आठवड्यांपुरती. लक्षणं गेली की साधं ड्रेसिंग. काहीच फरक नसेल तर चांदीऐवजी दुसरं जंतुनाशक ड्रेसिंग लावून पाहा, पण रक्तपुरवठा, साखर आणि मृत ऊतीही तपासा. लाली पसरत असेल किंवा ताप असेल तर पोटातून किंवा शिरेतून प्रतिजैविक लागतं, ड्रेसिंगवर भागत नाही.

चुका बारीक असतात. नॅनोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म कणांच्या) चांदीची पट्टी सलाइनने भिजवली की त्यातलं क्लोराइड चांदीला धरून ठेवतं आणि पट्टीचा जोर जातो. तिला निर्जंतुक पाणीच हवं. खाली व्हॅसलीन चोपडलं तर चांदी जखमेपर्यंत पोचत नाही. कॅडेक्सोमर आयोडीन हे जखमेत हळूहळू आयोडीन सोडणारं दुसरं जंतुनाशक. त्याचा तपकिरी रंग उडाला की ते संपलं. एका वेळी 50 ग्रॅम, आठवड्याला 150 ग्रॅम आणि सलग तीन महिने ही त्याची मर्यादा. थायरॉइडच्या रुग्णाला ते टाळावं.

आपल्याकडे याहून जास्त खटकते ती स्वच्छ, भरत्या जखमेवर रोज ओतलेली बीटाडीन आणि वर भुरभुरलेली प्रतिजैविक पावडर. पहिलीने नव्या पेशींना इजा होऊ शकते. दुसरीने प्रतिरोध वाढतो आणि त्वचेची ॲलर्जीही येते.

मुंबईच्या शीव रुग्णालयात केळीच्या पानाचं ड्रेसिंग भाजलेल्या रुग्णांवर अभ्यासलं गेलं. ते चिकटत नाही, म्हणून बदलताना वेदना कमी. जंतुनाशक नसलेलं, स्वस्त, ओलावा टिकवणारं असं आवरणच बहुतेक जखमांना लागतं. सरकारी पैसा आधी अशा चाचण्यांवर घालावा. चांदी ठेवायचीच असेल तर केसपेपरवर कारण, सुरू केल्याची तारीख आणि फेरतपासणीची तारीख लिहिल्याशिवाय ती स्टोअरमधून देऊ नये.