सिंहस्थ होईपर्यंत काही टाकू नका

बेडरूम आवरायचं मनात आलं की लगेच आवरायला बसू नका. आधी बाजारात जा आणि बेडरूममध्ये ठेवायला आणखी काहीतरी घेऊन या. झाकणाचे डबे, चेनच्या पारदर्शक पिशव्या, दारामागे टांगायचं सोळा कप्प्यांचं ते लोंबतं कापड. काही लोक सांगतात, आधी सगळं सामान गादीवर ओता, नको ते बाजूला काढा, उरेल ते मोजा आणि मग लागतील तेवढेच डबे आणा. या लोकांपासून सावध राहा. त्यांच्या रीतीने गेलात तर दुपारपर्यंत निम्मं सामान दाराबाहेर जातं आणि डबे आणायची वेळच येत नाही.

आम्ही नाशिककर या खरेदीला बुधवार धरतो. त्या दिवशी गंगेवर आठवडे बाजार भरतो. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. बाहेरच्यांनी उगाच नकाशा काढू नये.) मुलीच्या खोलीतल्या पलंगाखाली सरकवायला मी तिथून झाकणाचे तीन मोठे डबे आणले. घासाघीस करून आणले, रिक्षात मांडीवर घेऊन सिडकोपर्यंत आणले. डब्याची उंची चौदा इंच आणि पलंगाखालची मोकळी जागा साडेअकरा. निघताना टेप खिशात टाकायला हवा होता हे खरं, पण टेप सापडत नव्हता म्हणूनच तर आवरायचं ठरलं होतं! शेजारचे म्हणाले, पलंगाच्या पायांखाली विटा द्या. चार विटा आणल्या. त्यावर पलंग डुगडुगायला लागला. आता डबे लोखंडी कपाटाच्या डोक्यावर आहेत आणि विटा गॅलरीत. लागतील कधीतरी.

मुलगी पुण्याहून आली की तिचा नियम ऐकवते. म्हणते, बाबा, वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू काढून टाकायची. वर्षभर! हा नियम ज्यांनी काढला त्यांच्या गावाला सिंहस्थ नसणार. नाशकात वस्तूचं वय बारा वर्षांच्या मापाने मोजतात. गुरू सिंह राशीत आला की पर्वणी येते, पर्वणी आली की पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की काय लागेल ते आपल्या हातात नसतं. २००३ ला जे लागलं ते २०१५ ला लागणारच होतं. २०१५ ला लागलं नाही, म्हणजे २०२७ ला नक्की लागणार. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. त्याआधी घरातून एक उशी जरी बाहेर गेली तर पुढची बारा वर्षं ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

तेव्हा तुम्हीही दिवाण करून घ्या. सहा बाय साडेसहाचा, पोटात सामान मावणारा. हायड्रॉलिक घेतलात तर सांगायला बरं वाटतं. त्याचे गॅसचे दांडे ठरावीक वजनच उचलतात आणि काही वर्षांनी दमतात, मग एकाने झाकण डोक्यावर धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने आत वाकून "अहो, घट्ट धरलंय ना?" असं विचारत राहायचं. आमचा मात्र साध्या फळ्यांचा आहे.

परवा घराचं सिडकोकडून मिळालेलं ॲलॉटमेंट लेटर हवं होतं. ते ब्रीफकेसमध्ये आणि ब्रीफकेस दिवाणात, एवढं पक्कं माहीत होतं. चादर काढली, उशा खुर्चीवर ठेवल्या. खुर्चीवर आधीच परवाचे कपडे होते, म्हणून उशा खाली ठेवल्या. गादी भिंतीशी उभी केली, ती हळूहळू वाकत पंख्याच्या रेग्युलेटरवर टेकली आणि पंखा पाचवर गेला. चारपैकी तिसरी फळी पावसाने फुगलेली. ती स्वयंपाकघरातल्या उलथण्याने उचकटली. आत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडातल्या आठ कापसाच्या गाद्या. २००३ च्या सिंहस्थाआधी वडिलांनी पिंजाऱ्याला अंगणात बसवून भरून घेतलेल्या. प्रत्येक गुंडाळीला सुतळीच्या दोन गाठी, आणि गाठ अशी की सोडवायला पुन्हा वडीलच हवेत. तिसऱ्या आणि चौथ्या गादीच्या मध्ये मच्छरदाणी, काठ्या नसलेली. सहावीखाली पितळेचा तांब्या, वर्तमानपत्रात बांधलेला. सगळ्यात खाली ब्रीफकेस. तिचा आकड्यांचा नंबरही वडिलांनाच ठाऊक होता, म्हणून स्क्रू ड्रायव्हर लावला. आत तीन कुलपांच्या किल्ल्या निघाल्या. ती कुलपं आमच्याकडे नाहीत. किल्ल्या परत ठेवल्या, फळ्या लावल्या, गादी पाडली. पत्र संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये वीजबिलांखाली मिळालं.

मुलगी म्हणते, वर्षातून एकदा लागणारं तळाला ठेवा, महिन्याला लागणारं वर ठेवा आणि आत काय काय आहे त्याची यादी फळीच्या आतल्या बाजूला चिकटवा. यादी अजिबात करू नका. यादी केली की काय आहे ते कळतं आणि मग नवीन घेताना हात अडखळतो.

आणखी एक गोष्ट करू नका, ती म्हणजे गणित. आमची खोली दहा बाय अकरा, म्हणजे एकशे दहा चौरस फूट. त्यात एकोणचाळीस फूट दिवाणाचे, दहा दोन लोखंडी कपाटांचे, पाच शिलाई मशीनचे. अर्धी खोली सामानाची, उरलेल्या अर्ध्यात आम्ही दोघं आणि दार उघडायची जागा. दारही पूर्ण उघडत नाही, कारण मागे ते सोळा कप्पे. मुलीने एकदा बोटांवर हिशोब केला, की चौरस फुटाला पाच हजार धरले तरी दिवाणाखालची जागा १ लाख ९५ हजारांची होते, म्हणजे आठ गाद्यांपैकी एकेक गादी चोवीस हजारांच्या जागेवर झोपली आहे. एवढ्या महागाच्या जागेत आपण पाहुण्यांना तरी ठेवलं असतं का? मी तिला म्हटलं, तू जेवून घे.

तिनेच मग हवा खेचून घ्यायच्या पिशव्या आणल्या. रजई आत घालायची, व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड लावायचं, रजईचा पापड होतो. पॉलिस्टरच्या रजईचा खरंच होतो आणि ती नंतर फुलतेही. तुम्ही मात्र हा प्रयोग कापसाच्या गादीवर करा. दबलेला कापूस पुन्हा फुलवायला पिंजारीच लागतो, आणि पिंजारी आता पूर्वीसारखा गल्लीतून तार वाजवत जात नाही. त्यातून श्रावणातला ओलावा आत कोंडून पिशवी बंद केलीत तर उघडल्यावर जो वास सुटेल, त्याने पाहुणे आपणहून रामकुंडावर मुक्काम हलवतील. खरं म्हणजे कापसाच्या गादीला मे महिन्यात दोन दिवस गच्चीवरचं कडक ऊन मिळालं तरी पुरतं. पण गादी गच्चीवर न्यायची म्हणजे दिवाण उघडावा लागतो, आणि मघाशी काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे.

आता कपाट. पैठणी असेल तर लग्नातल्या घडीवरच राहू द्या. जाणकार सांगतात की ती धुवट मलमलमध्ये गुंडाळावी, प्लास्टिकमध्ये कोंडू नये, तीन-चार महिन्यांनी बाहेर काढून घडीची रेघ बदलावी. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर राहिली तर रेशीम तिथेच विरतं आणि जर तुटते. तुम्ही ती दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, लोखंडी हँगरवर ठेवा आणि डांबराच्या दोन गोळ्या सरळ पदरावर टाका. बारा वर्षांनी उघडाल तेव्हा घडीवर बरोबर चार तुकडे होतील आणि जर काळी पडलेली असेल. हळहळू नका. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि सगळ्यांनीच पैठण्या जपल्या तर तिथल्या मागांनी काय करायचं?

कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवायला विसरू नका. दोन-तीन इंच सोडले तर मागून हवा खेळते आणि पावसाळ्यात बुरशी येत नाही. शिवाय तेवढ्या फटीत इस्त्रीचा टेबल उभा सारायचा मोह होतो.

कागद, पुस्तकं, मुलीच्या बालवाडीपासूनच्या वह्या यांच्यासाठी नाशकात देवाने वेगळीच सोय केली आहे. फेब्रुवारी ते एप्रिल घरात द्राक्षं येतात आणि द्राक्षं संपली तरी खोका उरतो. निफाडकडचे पाहुणे आले की दोन उरतात. इतका देखणा, वर घडांचं चित्र छापलेला खोका फेकवत नाही. त्यात वह्या भरा आणि माळ्यावर टाका. पुठ्ठ्यातली खळ कसरीला फार प्रिय असते आणि मधल्या नागमोडी थरात झुरळांचा संसार बिनभाड्याचा चालतो. पाच वर्षांनी खोका काढाल तर वह्यांच्या कडांना बारीक जाळी पडलेली दिसेल आणि ‘माझी आई’ या निबंधातली आई तेवढी खाल्लेली असेल. पत्र्याची ट्रंक ठेवली असती तर हे झालं नसतं. ट्रंक आम्ही भंगारात दिली. फार जागा खात होती.

आहेराचा कप्पा मात्र मनापासून सांभाळा. शर्टपीस, पँटपीस, ब्लाऊजपीस यांनी कपाटाचा एक खण भरलेला असलाच पाहिजे. हे कापड शिवायचं नसतं, ते फिरवायचं असतं. आमच्या हिला मध्यंतरी एका वास्तुशांतीला मोरपंखी ब्लाऊजपीस मिळाला. घरी येऊन घडी उलगडली तर आत हिच्याच अक्षरातली चिठ्ठी होती, ‘नणंदेच्या डोहाळजेवणाला द्यायचा’. ज्या बाळाचं ते डोहाळजेवण होतं, ते आता सातवीत आहे. ब्लाऊजपीस मात्र एका टाक्याचाही शिवला गेलेला नव्हता. हिने चिठ्ठी तशीच आत ठेवली आणि तो जागेवर ठेवून दिला. आता कोणाचं डोहाळजेवण निघतंय याची वाट बघतोय.

जुने कपडे अगदीच उतू जायला लागले तर बोहारणीला हाक मारा. घरातलं बाहेर घालवायची ही आपल्याकडची सगळ्यात सुरक्षित पद्धत आहे, कारण तितकंच परत आत येतं. माझा लग्नातला सफारी, तीन जीन्स, हिच्या दोन साड्या गेल्या आणि स्टीलचं मोठं पातेलं आलं. वीस माणसांचा भात त्यात होईल. घरात माणसं दोन. ओट्यावर मावत नाही, फडताळात जात नाही, म्हणून ते बेडरूममध्ये आहे, मशीनखाली. भांडी बाजाराच्या गावात राहून घरात वीस माणसांचं पातेलं नसणं बरं दिसलं नसतं, असं ही म्हणते.

एवढं करूनही मुलीसारखं कोणी हट्टाला पेटलंच, तर पुराचं कारण सांगा. गंगेवरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, अशी बातमी दर पावसाळ्यात येते. तेव्हा सराफ बाजारातले, भांडी बाजारातले दुकानदार माल उचलून वर चढवतात. म्हणून सामान माळ्यावर हवं. आम्ही नदीपासून लांब राहतो, शिवाय तिसऱ्या मजल्यावर, पण तिला एवढं कुठे सुचतं पटकन.

राहता राहिल्या गाद्या. २००३ ला त्या खरंच अंथरल्या होत्या. अकोल्याचे मामा-मामी आणि त्यांच्याबरोबरची मंडळी मिळून नऊ जण होते आणि आठ गाद्यांवर आडवे झोपले होते. वडील रात्री उठून पांघरुणं नीट करत फिरत होते. २०१५ ला मामेभाऊ बायकापोरांसह आला. मी दिवाणाची पहिली फळी काढली, तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, तुम्हाला कशाला त्रास," आणि गाडीच्या डिकीतून हवेची गादी घेऊन आला. पायाने दाबायचा पंपही होता. दोन रात्री झोपले, स्नान केलं, चिवडा घेतला आणि निघाले. निघताना वहिनी म्हणाल्या, ही गादी आता परत कुठे नेऊ, तुमच्याकडेच राहू द्या, उपयोगी पडेल. ती नववी. पंप वेगळा ठेवलाय, पातेल्यात.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "दादा, सिंहस्थाला २ ऑगस्टला येतोय आम्ही. अंथरुणाची अजिबात काळजी करू नका, आमचं आम्ही आणतो." मी म्हटलं, ये बाबा.

या रविवारी दिवाणात एका गादीची जागा करायला घेतली आहे. आत काय काय काढणार, असं हिने विचारलं. मी म्हटलं, काढलेलं ठेवायला कपाटावर तीन डबे आहेत ना रिकामे.