‘डी’मध्ये टाका म्हणे, काही होत नाही!

‘लिनक्स वापरून बघणाऱ्यांनो, सावधान!’ हा मेसेज फिरत फिरत अखेर मामांपर्यंत पोचला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यांच्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्सचाच एक प्रकार, चालवून बघायचं ठरलं होतं. आता ते लॅपटॉपला हातच लावू देत नाहीत.

मेसेजचं म्हणणं असं: पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं सुरू केलं तरी हार्डडिस्क पुसली जाते, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त मान्यताप्राप्त सिस्टीमच चालू देणारं संरक्षण) कायमचं बंद करावं लागतं, विंडोज लॉक होतं. आणि उपाय? सगळा डेटा डी ड्राइव्हमध्ये हलवा, ‘डी’ला काही होत नाही.

पहिला मुद्दा धादांत खोटा. लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता नुसतं चालवताना, सिस्टीम पेनड्राइव्हवरून वाचली जाते आणि रॅममध्ये चालते. लॅपटॉपमधली डिस्क काढून ठेवली तरी ही सिस्टीम सुरू होते, मग पुसते काय? उबुंटूच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच स्क्रीनवर वर्षानुवर्षं स्वच्छ लिहिलेलं असायचं की संगणकात काहीही बदल न करता वापरून बघता येईल. ते वाचायचे कष्ट कोण घेणार! तुम्ही स्वतःच डिस्क उघडून फाइली उडवल्यात, तर गोष्ट वेगळी.

सिक्युअर बूटचं म्हणाल, तर उबुंटू आणि फेडोरा (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) ते चालू असतानाही सुरू होतात. पुढे.

खरा संताप येतो तो ‘डी’च्या सल्ल्याचा. बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क एकच असते, सी आणि डी हे तिचेच दोन भाग. लाइव्ह उबुंटूमध्ये ‘डिस्क्स’ हे अ‍ॅप उघडा: एकच लांब पट्टी दिसते, तिच्यात शेजारी शेजारी हे दोन्ही तुकडे, आणि सी-डी ही अक्षरं तिथे नसतातच, ती विंडोजने दिलेली. इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ निवडलंत की अख्खी पट्टी साफ. म्हणजे मेसेजवर विश्वास ठेवून ‘डी’मध्ये फोटो टाकून निर्धास्त झालेला माणूसच सगळं गमावणार! बॅकअप घ्यायचा तो वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर, आणि ती काढून बाजूला ठेवायची. दोन-चार फाइली उघडूनही बघायच्या.

विंडोज लॉक होतं, यात अर्धं तथ्य आहे, मान्य. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल आणि बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बूटची सेटिंग बदलली, तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. डेटा जागच्या जागी असतो, पण की नसेल तर असून नसल्यासारखाच. तेव्हा ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का ते आधी बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. नुसतं बघायचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच दुसरी सिस्टीम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवा, बूटची सेटिंग बदलायची गरजच नाही.

हमखास पुसलं जातं ते एकच: ज्या पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवता, त्याच्यावरचं आधीचं सगळं. त्याबद्दल मात्र मेसेजमध्ये अवाक्षर नाही.