टीचभर इंजिन

"दादाची ट्रंक एकदा उघडून बघ. मी गेल्यावर तुम्ही ती तशीच भंगारवाल्याला द्याल," आई म्हणाली. हे वाक्य गेली वीस वर्षं घरातल्या निरनिराळ्या वस्तूंना लागू होत आलं आहे, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेत नाही. पण त्या दिवशी रविवार होता, मॅच पावसाने थांबली होती, म्हणून उघडली. आत जुनी पंचांगं असतील असा अंदाज होता. पंचांगं निघालीच. त्यांच्याखाली गोणपाटात गुंडाळलेलं आगगाडीचं इंजिन निघालं.

शोकेसमधलं नव्हे. कोळसा घालायचा, पाणी भरायचं, वाफ करायची आणि चालवायचं, असं जिवंत इंजिन. लांबी जेमतेम दीड फूट, पण उचललं तेव्हा कमरेने आपलं स्वतंत्र मत नोंदवलं.

मामा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता. दिवसभर खऱ्या इंजिनांशी झटापट करून आलेला माणूस संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसून पुन्हा इंजिनच का करतो, हा प्रश्न मामीने त्याला जन्मभर विचारला. इंग्लंडात 'एलबीएससी' या आद्याक्षरांनी लिहिणारा लॉरेन्स नावाचा एक अवलिया होता. घरच्या घरी, साध्या लेथवर वाफेचं इंजिन कसं घडवावं हे तो नकाशांसकट, हप्त्याहप्त्याने लिहायचा. त्यातलं खास नवशिक्यांसाठीचं इंजिन म्हणजे 'टिच'. दोन रुळांमधलं अंतर साडेतीन इंच, चार चाकं, दोन सिलिंडर. नवशिक्या मामाला ते पुरं करायला अकरा वर्षं लागली. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन, 'अंतिम सितारा', १९७० साली बाहेर पडलं, तेव्हा मामाचं पहिलं इंजिन अजून चाकांवर उभं राहायचं होतं.

मराठीत टीच म्हणजे वीत, म्हणून मला वाटलं हे नाव मामानेच ठेवलं असेल. पण इंग्रजीतही टिच म्हणजे बुटका. तिकडे 'लिटल टिच' नावाचा साडेचार फुटी विनोदी नट होता. लहानपणी तो गुबगुबीत होता, आणि तेव्हा गाजत असलेल्या टिचबोर्न खटल्यातल्या तोतयासारखा दिसायचा, म्हणून हे नाव पडलं. तो तोतया चांगला गलेलठ्ठ होता. म्हणजे एका अगडबंब माणसावरून बुटकेपणाला शब्द मिळाला! आपणही 'टीचभर पोट' म्हणतो, आणि त्यात काय काय मावतं ते लग्नाच्या पंगतीत बघतोच. या टीचभर इंजिनाने माझे चौदा महिने, दिवाळीचा बोनस आणि अख्खी ड्राय बाल्कनी गिळली.

ड्राय बाल्कनी हीच माझी कार्यशाळा. चार बाय सहा, आणि त्यात वॉशिंग मशिन आधीपासूनचं भाडेकरू. "मशिनवर काही ठेवायचं नाही, सिंकमध्ये काही धुवायचं नाही आणि माझ्या ओट्याकडे फिरकायचं नाही," अशा तीन अटींवर हिने ताबा दिला. पहिल्या आठवड्यातच मी तिन्ही मोडल्या.

खोलायला सुरुवात करताना मी एक पथ्य ठरवलं. प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो काढायचा, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालायचा, डब्यावर चिठ्ठी लावायची. (यासाठी घरात अठरा डबे श्रीखंड खाल्लं गेलं. इंजिनाचा तेवढा एक खर्च कुणालाही खुपला नाही.) दुसरं पथ्य आईचं. मामाने जागोजागी पंच मारून बारीक ठिपके केले होते: एका ठिपक्याला एक, दोनाला दोन, असे जुळवून बसवायचे. आई खुर्ची टाकून बाल्कनीच्या दारात बसलेली. "दादाच्या खुणेला हात लावू नकोस हो. त्याचा हात म्हणजे विश्वकर्म्याचा. त्याने बसवलेलं इकडचं तिकडे व्हायचं नाही." मी मान डोलावली आणि मामाच्या प्रत्येक ठिपक्याची तंतोतंत नोंद केली. हे लक्षात असू द्या.

सिलिंडर उघडले तेव्हा विश्वकर्मा पहिल्यांदा डळमळला. पिस्टनचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून वाफ फुसकू नये म्हणून दांड्याभोवती सुताचं पॅकिंग ठासतात, ग्राफाइट लावून. मी सुईने ते काळं वेटोळं उचकटून काढलं. पीळ घट्ट होता, सूत नऊपदरी दिसत होतं, आणि एका टोकाला गाठ होती. गाठ ओळखीची वाटली. रॉकेलमध्ये बुडवून धुतली तर ती चक्क ब्रह्मगाठ निघाली. मामाने सिलिंडरमध्ये जानवं घातलं होतं.

आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणूनच श्रावणीला भटजींकडून दोन जास्तीची मागून आणायचा. आम्हाला वाटायचं, केवढी ही निष्ठा!"

एक मात्र कबूल करायला हवं. पन्नास वर्षांनंतर त्या पॅकिंगचा पीळ सुटला नव्हता. मी बाजारातून आणलेली ग्राफाइटची दोरी दुसऱ्या दिवशी विसविशीत झाली. मग मी काय केलं ते इथे लिहीत नाही, आमच्याकडे अजून श्रावणी होते.

पुढचा घोळ आट्यांचा. चार स्क्रू गंजून मोडले होते, म्हणून तसेच आणायला बोहरी आळीत गेलो. हे आटे ना इंचात बसतात ना आपल्या नेहमीच्या मिलिमीटरात. बारीक स्क्रूंसाठी ब्रिटिश असोसिएशनने १८८४ साली एक वेगळंच माप ठरवलं, त्याचं नाव बी.ए. आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. पंचावन्न नाही, साठ नाही, साडेसत्तेचाळीस! शिवाय आकडा जितका मोठा तितका स्क्रू बारीक. शून्य नंबर सहा मिलिमीटरचा, तर आठ नंबर सव्वादोनाच्याही आतला. पहिल्या दुकानदाराला म्हटलं, "आठ बी.ए. आहे का?" तो म्हणाला, "साहेब, बी.ए.ला हल्ली कोण विचारतं?" दुसऱ्याने माझा नमुना हातात घेऊन चष्मेवाल्याचा पत्ता दिला. हवं होतं ते शेवटी जुन्या बाजारात, तंबाखूच्या एका गंजक्या डबीत मिळालं. विकणाऱ्याला ते काय आहे हे माहीत नव्हतं, पण मला ते हवंय हे त्याने चेहऱ्यावरून बरोबर ओळखलं आणि भाव केला.

त्या आठ नंबरच्या नटांपैकी एक त्याच संध्याकाळी हातातून निसटला. सगळी बाल्कनी पालथी घातली. रात्री पोह्यांच्या फोडणीशी उभी असलेली ही म्हणाली, "ही एकच मोहरी का तडतडत नाही हो?"

आता बॉयलर. सगळं रामायण तिथेच घडलं.

बॉयलर तांब्याचा. आतून पांढऱ्या क्षाराचा थर बसला होता, त्यासाठी हिच्या ढोकळ्याचं लिंबूफूल पळवलं. ते ओतल्यावर बॉयलर तासभर सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला आणि स्वच्छ झाला. इतका स्वच्छ, की क्षाराने बुजलेली सगळी भोकं मोकळी झाली. पाणी भरलं तर फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, भिंतींतून ठिबक, ठिबक, ठिबक. श्रावणातल्या महादेवावरच्या अभिषेकपात्रासारखी संथ धार.

तो पिशवीत घालून कसबा पेठेत तांबट आळीत नेला. आळी डोळे मिटून सापडते, कानांनी. हातोड्यांच्या त्या ठोक्यांत एक म्हातारे काका मठारकाम करत बसले होते. त्यांनी बॉयलर उलटापालटा केला, बोटाच्या पेराने वाजवला, नळ्यांतून आरपार बघितलं.

"अहो, हा तर आडवा पाडलेला बंब."

लोकोमोटिव्ह बॉयलरवर मी रात्र रात्र वाचत होतो, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. आजोळच्या न्हाणीघरात करवंट्या घालून पेटवायचो तोच बंब, फक्त इथे एकाच्या जागी बऱ्याच नळ्या आणि खाली चाकं. काकांनी मग ठिबकणाऱ्या जागी नख घासलं. "कथलाचा डाग देऊन सांधलंय. विस्तवाच्या वस्तूला कथील? कुणी केलंय हे?"

"माझ्या मामांनी," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"कल्हईवाले होते का?"

परळच्या फिटरचा एवढा अपमान कुणी केला नसेल. घरी येऊन मी मामाची वही चाळली. फायरबॉक्सच्या सपाट भिंती दाबाने फुगू नयेत म्हणून मधून आडवे दांडे घालतात, त्यांना स्टे म्हणतात. त्या काळी हौशी लोक हे स्टे आट्यांनी बसवून त्यांच्या टोकांवर कथील-शिशाचा डाग ओतत. मामाने समासात हिशेब मांडला होता: ८० पौंड दाबाला पाणी १६२ अंशांवर उकळतं, आणि डाग १८३च्या आसपास वितळतो. म्हणजे पलीकडे पाणी असेपर्यंत डाग सुखरूप. खाली मामाच्या अक्षरात, लाल पेन्सिलीने: 'पाणी असेपर्यंत.' त्याखाली दोन रेघा. मधल्या एकवीस अंशांवर मामा संसार करत होता.

मी एकवीस अंशांवर जगणारा माणूस नव्हे. काकांनी आणि मी मिळून तीन दिवस ते कथील खरवडलं, कारण कणभर जरी राहिलं तरी पुढच्या उष्णतेत ते तांबं खातं. मग चांदीचा डाग. टाकणखार पाण्यात कालवून सांध्यांवर लावला, आणि काकांनी अख्खा बॉयलर भट्टीत धरला. तांब्याचं असं, की एका कोपऱ्याला आच दिली तर ते ती सगळ्या अंगभर वाटून टाकतं, सांधा तसाच थंड. सगळंच तापवावं लागतं. टाकणखार आधी लाह्यांसारखा फुलला, मग काचेसारखा पातळ झाला. तांबं डाळिंबी रंगावर आलं तेव्हा काका म्हणाले, "आता." मी चांदीची काडी टेकवली. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग ती एकदम विरघळली आणि स्टेच्या भोवती सर्रकन धावत जाऊन, आपली जागा आधीच ठरलेली असल्यासारखी बसली. चारदा केलं. चौथ्यांदाही मी तोंड उघडं ठेवूनच पाहत होतो. काकांनी मजुरी घेतली, पण इतकी कमी की मला वाटलं, त्यात बंबाच्या विनोदाचे पैसे त्यांनी वजा केले असावेत.

कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे १६० पौंडांना, बॉयलरची परीक्षा घ्यायची असते, आणि ती थंड पाण्याने. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फुटलंच तर एक चिळकांडी उडते आणि विषय संपतो. वाफेला उघड्यावर पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते, आणि ती जागा आमच्या फ्लॅटमध्ये नव्हती. हातपंप घेऊन मी न्हाणीघरात बसलो. बाहेरून ही: "आपला कुकर किती पौंडांचा असतो?" "पंधरा." "आणि तुमचं ते?" यावर मी नळ सोडला.

काटा १६०ला गेला आणि तिथेच थांबला. मी अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो होतो. इतकं टक लावून मी फक्त बारावीचा निकाल बघितला होता.

जुळवाजुळव मामाच्या ठिपक्यांप्रमाणे. एकाला एक, दोनाला दोन. वाफेआधी हवेवर चालवून बघतात, म्हणून इंजिन लाकडी ठोकळ्यावर ठेवून गाडीचा पायपंप जोडला. दहा-बारा दणक्यांनंतर चाकं गरकन फिरली. पन्नास वर्षांनी! मी ओरडलो, ही पोळपाट सोडून धावत आली, आईने खुर्चीतूनच हात जोडले. कुठल्या दिशेला फिरली ते बघायचं भान कुणाला होतं?

मग पार्किंग. दोन लोखंडी पट्ट्या साडेतीन इंचांवर ठोकून बारा फुटांचा रूळ केला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'ज्वलनशील पदार्थ' या मुद्द्यावर लेखी अर्ज मागितला आणि अर्ज दिल्यावर सगळ्यात पुढची खुर्ची पकडली. दगडी कोळसा एका फाउंड्रीवाल्याने पिशवीभर दिला, पेटवायला लोणारी कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून, रॉकेलमध्ये भिजवून. धुराड्यावर ओढीसाठी कॉम्प्युटरमधला जुना पंखा. वरच्या मजल्यावरचे काका खाली वाकून म्हणाले, "कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे की. तिकीट काढून बघता येतं."

वीस पौंड. चाळीस. वास यायला लागला: गरम तेल, ओला कोळसा, धूर. आई एकदम म्हणाली, "दादा घरी आला की असाच वास यायचा." साठ. ऐंशीला सेफ्टी वॉल्व फस्सकन उघडला आणि सेक्रेटरी खुर्चीसकट दोन फूट मागे गेले.

मी दिशा बदलायचा दांडा पुढे केला, वाफ सोडायचा रेग्युलेटर अलगद उघडला. इंजिनाने नळ्यांतलं पाणी थुंकलं, एकदा खोकलं, आणि ऐटीत, भकभक करत, निघालं. मागे.

मी पुढच्या टोकाला कॅमेरा घेऊन उभ्या केलेल्या पुतण्याने विचारलं, "काका, असंच जायचंय का?" इंजिन मागच्या विटेला जाऊन थडकलं आणि तिथेच चाकं फिरवत राहिलं. माझ्या पोटात गोळा आला. वॉल्वला चाल देणारी कडी दोन्हीकडे उलट बाजूला बसली होती. चौदा महिने, अठरा डबे, तरी चूक केलीच. पण फोटो काढून पाहिले तर जशी होती तशीच बसवली होती. ठिपक्याला ठिपका.

"थांब रे," आई म्हणाली. ती खुर्चीतून उठली, रुळाशी वाकली आणि पदराने धरून दांडा मागे ओढला. इंजिन सुरसुरत पुढे आलं.

"पुढे न्यायचं तर दांडा मागे. चाळीतही असंच जायचं."

"मग आई, हे आधी नाही का सांगायचं?"

"तुझा मामा म्हणायचा हेच बरोबर आहे. इंग्लंडातलं उलट आहे."