लघवीतलं प्रोटीन आणि ‘बीपीची गोळी बंद करा’ सांगणारा तो मेसेज

‘किडनी वाचवा’ नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लघवीला फेस आला म्हणजे किडनी निम्मी गेली. डाळी जास्त खाल्ल्याने प्रोटीन लघवीतून जातं, म्हणून त्या बंद करा. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) नॉर्मल असेल तर काळजी नको. शुगरवाल्यांना देतात ती बीपीची गोळीच किडनी खराब करते, ती थांबवा. रोज पाच लिटर पाणी प्या, खालच्या नंबरवरून चूर्ण मागवा, पंधरा दिवसांत रिपोर्ट ‘निल’, म्हणजे लघवीत प्रोटीन नाही.

हे वाचून माझ्या मावशीने गोळी बंद केली. तिचा मधुमेह जुना आहे, लघवीचा एसीआर (लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन प्रोटीन जातं तो आकडा) 184 आला होता, म्हणून डॉक्टरांनी लोसार्टन ही बीपीची गोळी दिली होती. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मावशीने फोन केला तो हे सांगायला नाही, आमच्याकडे फेसाची टेस्ट होते का ते विचारायला. बोलता बोलता म्हणाली, “गोळी सोडली गं मी. बीपी तर 120-80 येतंय, मग कशाला घ्यायची?”

म्हणून आधी गोळीचंच बोलते. बाकीच्या चुका नंतर सुधारता येतील.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. रक्त एका नळीने आत येतं, दुसरीने बाहेर जातं. मधुमेहात गाळणीच्या आतला दाब वाढतो, तिची भिंत हळूहळू सैल पडते आणि रक्तातच राहायला हवं ते अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत उतरायला लागतं. लोसार्टन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या बाहेर जाणारी नळी सैल करतात. आतला दाब उतरतो, गळती कमी होते. दंडाला पट्टा बांधून मोजतो ते बीपी खाली येणं हा या गोळीचा एक फायदा, गाळणीवरचा भार उतरणं हा दुसरा. आणि मावशीचं बीपी 120-80 येत होतं तेही गोळी चालू होती म्हणूनच!

हे माझ्या पदरचं नाही. 2001 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ‘रेनाल’ नावाचा अभ्यास छापून आला. टाइप 2 मधुमेहाचे 1513 पेशंट, सगळ्यांच्या लघवीत प्रोटीन. एका गटाला लोसार्टन दिली, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. बीपीची इतर औषधं दोन्ही गटांना गरजेप्रमाणे चालूच होती. सरासरी 3.4 वर्षांनी पाहिलं तर लोसार्टनवाल्यांचं लघवीतलं प्रोटीन 35 टक्क्यांनी उतरलं होतं आणि किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका 28 टक्क्यांनी कमी होता. जी गोळी डायलिसिस लांबवते तिलाच हा मेसेज किडनीची वैरीण म्हणतो, आणि आपली माणसं तो पुढे पाठवतात.

आता यात अर्धं खरं काय आहे तेही सांगते, कारण मेसेज त्याच्यावरच उभा आहे. ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जाऊ शकतं. आतला दाब उतरला की गाळण्याचा वेगही जरा उतरतो, त्याचा हा परिणाम. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर धरूनच चालतात. पोटॅशियमही वाढू शकतं. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्त तपासायला सांगतात. जुलाब-उलट्या लागल्या तर ही गोळी काही दिवस थांबवावी लागू शकते, आणि गरोदरपणात ती चालत नाही. पण ते सगळं डॉक्टरांना विचारून. शिवाय गोळ्यांनी किडनी बिघडते हे एका जातीच्या गोळ्यांबद्दल खरंच आहे: डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक. गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली तीच पट्टी मावशीच्या पर्समध्ये कायम असते. तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

‘क्रिएटिनिन नॉर्मल तर सगळं ठीक’ हेही तितकंच घातक. किडनीचं काम जवळजवळ निम्मं कमी होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या रकान्यात राहू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी दिसतं. एसीआर 30 च्या आत असेल तर ठीक, 30 ते 300 म्हणजे गळती सुरू झालीय, 300 च्या वर म्हणजे बरीच वाढलीय. टाइप 2 मधुमेह कळल्या दिवसापासून ही तपासणी दर वर्षी व्हायला हवी. मात्र एका रिपोर्टवर हातपाय गाळू नका. ताप, लघवीचं इन्फेक्शन, जोरदार व्यायाम, पाळी, यांनीही आकडा तात्पुरता वाढतो. म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी पुन्हा करतात, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ तसंच राहिलं तरच किडनीचा जुनाट आजार म्हणतात.

फेसाचं म्हणाल तर तो धार जोरात पडली तरी येतो. दिवसेंदिवस साबणासारखा टिकून राहत असेल तर तपासून घ्या. निम्मी किडनी गेली की नाही हे फेसावरून कुणालाही सांगता येत नाही.

डाळ बंद करायचं कारण नाही. लघवीत येतं ते ताटातलं वरण नव्हे, लिव्हरने बनवलेलं रक्तातलं अल्ब्युमिन. किडनीच्या पेशंटने प्रोटीन बेतानं घ्यावं हे बरोबर. किलोमागे रोज 0.8 ग्रॅम सांगतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. जिमच्या पावडरी त्यात बसत नाहीत, हे मान्य. पण वाटीभर वरणात प्रोटीन असतं सहा-सात ग्रॅम. तेही काढून घेतलं तर म्हातारं माणूस आणखी अशक्त होईल.

राहिलं पाच लिटर पाणी आणि ‘निल’ रिपोर्ट. आमच्याकडे साध्या युरिन रिपोर्टला पट्टी बुडवतात. तिच्यावरचा प्रोटीनचा पिवळा चौकोन हिरवट झाला की एक प्लस, दोन प्लस असं लिहितात. भरपूर पाणी पिऊन आलेल्या माणसाची लघवी पाण्यासारखी पातळ असते. अल्ब्युमिन तेवढंच गळतंय, पण पातळ झाल्यामुळे चौकोन पिवळाच राहतो आणि रिपोर्टवर ‘निल’ येतं. एसीआर असा फसत नाही, कारण त्यात अल्ब्युमिन लघवीतल्याच क्रिएटिनिनशी ताडून पाहतात आणि पाण्याने दोन्ही सारखेच पातळ होतात. मेसेजसोबत फिरणारे ‘आधी दोन प्लस, आता निल’चे फोटो मी पाहिले. सगळे पट्टीचे रिपोर्ट, एकातही एसीआर नाही. आणि ज्यांच्या पायावर सूज आहे किंवा हृदय कमजोर आहे, त्यांना पाच लिटर पाणी सरळ हॉस्पिटलात नेऊ शकतं.

चूर्णाच्या नंबरवर मी फोन करून घटक विचारले. “गुप्त फॉर्म्युला आहे ताई,” एवढंच उत्तर मिळालं. भारतातल्याच डॉक्टरांनी 2022 मध्ये अशा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली आहे, ज्यांना पारा असलेल्या पारंपरिक औषधांमुळेच लघवीत प्रोटीन जाण्याचा आजार जडला होता. औषध थांबवल्यावर त्यातले बरेच जण सुधारले. ज्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ते घेऊ नका. घेऊन झालं असेल तर पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. आणि मेसेज वाचून गोळी सोडली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.