डिस्क अंतर्धान पावते

लॅपटॉपच्या आजारांतही प्रतिष्ठित आणि अप्रतिष्ठित असा भेद असतो. स्क्रीन फुटली तर चारजण हळहळतात. कीबोर्डवर पाणी सांडलं तर निदान कोणावर तरी ओरडता येतं. पण ‘डिस्क सापडत नाही’ हे दुखणं सांगितलं की समोरचा आपल्याकडेच संशयाने बघतो. बाहेरून सगळं ठणठणीत असतं. दिवा लागतो, पंखा घरघरतो, कंपनीचं बोधचिन्ह दिमाखात झळकतं आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत निरोप येतो : ‘नो बूटेबल डिव्हाइस फाउंड’, म्हणजे जिच्यावरून सुरू व्हायचं ती डिस्कच सापडत नाही. खाली सौजन्याची सूचना, कोणतीही कळ दाबा. मी दाबली. पुन्हा तोच निरोप. दुसरी दाबली, तरी तोच. सगळ्या कळांना इतकी समान वागणूक मिळालेली मी प्रथमच पाहत होतो.

वस्तू हरवली तर शोधता येते. ही हरवली होती लॅपटॉपच्या पोटात, आणि शोधायचं काम ज्याच्याकडे, तोच हात वर करून बसलेला. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनभर, आणि एवढ्या संसारात मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. पण ती ‘सापडत नाही’ असं म्हणायची कोणाची छाती झाली नसती. खोलीत पाऊल टाकलं की तीच आधी आडवी येत असणार. माझी एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपांवर डेटा साठवणारी डिस्क, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. शिवाय स्वभावाने अबोल. जुन्या हार्ड डिस्का जाण्याआधी पुष्कळदा टकटक करायच्या, कण्हायच्या. शहाणा माणूस तेवढ्यात फोटो दुसरीकडे हलवून घ्यायचा. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे कुरकुरही नाही. तिचा कंट्रोलर, म्हणजे आतला कारभार पाहणारी चिप, बसला की आत सगळा डेटा असला तरी जगाच्या लेखी ती नाहीच.

सल्ले मात्र भरपूर आवाज करत आले. ‘व्हायरस असेल.’ ‘रॅम पुसून बघा.’ आणि सर्वांचा लाडका, ‘विंडोज परत टाकून घ्या, दहा मिनिटांचं काम.’ पाया सापडत नसताना रंग कुठला द्यायचा यावर ही मंडळी हिरिरीने वाद घालत होती.

कामाचा प्रश्न फक्त भाच्याने विचारला. “मामा, बायोसमध्ये दिसतेय का ते सांग आधी.”

बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होऊन कोण हजर, कोण गैरहजर हे बघणारा बोर्डावरचा प्रोग्राम. आता त्यात शिरणं हीच एक परीक्षा. कुठे एफ-टू, कुठे डिलीट, कुठे एस्केप; आणि बोधचिन्ह दिसतंय तेवढ्यात कळ दाबली नाही तर गाडी सुटली. एकदाचा शिरलो. तारीख बरोबर, वेळ बरोबर, म्हणजे बोर्डावरचा नाण्याएवढा सेल शाबूत. प्रोसेसर हजर, रॅम हजर. डिस्कपुढे : नॉट डिटेक्टेड.

“म्हणजे विंडोजचा दोष नाही,” भाचा म्हणाला. बायोसला दिसते पण विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही, असं असतं तर म्हणे ड्रायव्हर, म्हणजे दोघांमधला दुभाषा प्रोग्राम, देऊन भागलं असतं. काहीजण अशा वेळी बायोसमधली डिस्कशी बोलण्याची ‘रेड’ ही पद्धत बदलून ‘एएचसीआय’ ही दुसरी करतात, आणि मग धडधाकट विंडोजही उठायला नकार देतं. हे तो ज्या आवडीने सांगत होता, त्यावरून कोणाचा तरी लॅपटॉप त्याने तसा घालवलेला असावा असं मला वाटलं. मी विचारलं नाही.

त्याने बायोसमधलं सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारा पहारा, बंद करून पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली चालवली. लिनक्सनेही पेनड्राइव्ह सोडून दुसरं काही नाही असा निर्वाळा दिला. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरणं झालं. मग राहिला स्क्रूड्रायव्हर.

तळाचे स्क्रू निघाले तरी झाकण निघेना, कारण एक स्क्रू रबरी पायाखाली लपवलेला होता. झाकणाच्या कडेच्या खाचा एकेक करून ‘कट्’ वाजत सुटतात. यातला प्रत्येक ‘कट्’ काहीतरी तुटल्याचाच वाटतो. भाच्याने आधी बॅटरीची वायर सोडवली आणि मग डिस्कचा तो एकुलता एक स्क्रू काढला. त्याबरोबर ती ताडकन एका टोकाने वर उठून तिरकी उभी राहिली. इतक्या गोंधळात तिची ही पहिली प्रतिक्रिया. स्क्रू अर्थातच उडाला, आणि घरातली सगळी मंडळी मोबाइलचे टॉर्च लावून रांगू लागली. ज्वारीच्या दाण्याहून लहान ती वस्तू, पण तिच्यावाचून डिस्क आडवी राहत नाही, त्यामुळे त्या घटकेला घरात तिच्याइतकं मोलाचं काहीही नव्हतं.

भाच्याने डिस्क बाहेर ओढली, सोनेरी दात निरखले, पुन्हा खाचेत दाबून बसवली आणि स्क्रू आवळला. बायोसमध्ये तिचं नाव उमटलं, मॉडेल नंबरासकट. बैठक सैल झाली होती, एवढंच. इतक्या क्षुल्लक कारणाचा मला थोडा अपमानच वाटला.

आनंद विंडोजच्या निळ्या पडद्यापर्यंत टिकला. आता डिस्क सापडली होती, पण ती मला ओळखत नव्हती. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप; बायोसच्या सेटिंगांत बदल दिसला की त्याला चोराचा संशय येतो. त्याने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. ती माझ्या ऑनलाइन खात्यात सुरक्षित होती. खात्याचा पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवला होता. आणि ब्राउझर त्याच डिस्कवर होता.

“अरे हो,” भाचा म्हणाला, “सिक्युअर बूट मीच बंद केलं होतं.” त्याने ते परत चालू केलं आणि विंडोज काही झालंच नाही अशा थाटात उघडलं. मी बाहेरची डिस्क जोडून फोटो कॉपी करायला लावले. दोन टक्के झाले असतील नसतील, कोपऱ्यात सूचना आली : अपडेट तयार आहेत, आत्ता रीस्टार्ट करायचं का? यादीत सगळ्यात वर बायोसचं अपडेट होतं.