शंभरातला मी

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी एक कागद चिकटवला होता. 'संपूर्ण शरीर तपासणी. ७२ चाचण्या. जोडप्याने केल्यास दुसऱ्याला निम्मे पैसे.' आमची लिफ्ट इतकी जुनी आहे की तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत असला कागद दोनदा वाचून होतो. बायकोला म्हटलं, "अगं, दुसऱ्याला निम्म्यात आहे." ती म्हणाली, "निम्म्यात म्हणजे, रक्त निम्मं काढतात का?"

मी एक्कावन्न वर्षांचा. मला काहीही होत नाही. म्हणजे डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना धाप लागते, पण तो पुलाचा दोष आहे असं मी धरून चाललो होतो. तरी पैसे भरले. निम्मे वाचत होते ना.

रक्त द्यायचं उपाशीपोटी, बारा तास. आमच्याकडे साडेनऊच्या आत पान कधी घेतलं जात नाही. त्या दिवशी साडेसहाला जेवलो. नऊ वाजता शेजाऱ्यांनी नेमके बटाटेवडे तळायला घेतले. एरवी त्यांच्याकडे रात्री खिचडीच असते, हे त्यांच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून मला ठाऊक आहे. पाण्याला परवानगी होती, म्हणून पाणी पीत बसलो. त्याचे परिणाम रात्रभर भोगले, आणि सकाळी नेमकं त्या छोट्या बाटलीसाठी हवं तेव्हा काहीच शिल्लक नव्हतं.

रक्त न्यायला येणारा मुलगा साडेसहाला येणार होता. सव्वाआठला उगवला. "गाडी पंक्चर झाली, काका." सकाळपासून चहा नाही, त्यात 'काका'. बायकोचा हात त्याने धरला, टोचलं, झालं. माझ्या दंडाला रबर बांधून तो बराच वेळ बोटांनी टकटक करत राहिला, भिंतीत खिळा ठोकायला जागा शोधावी तसा. "मूठ वळा. सोडा. परत वळा. काका, शीर लागत नाहीये." मी शरमलो. एवढी वर्षं रक्त कुठून फिरत होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मेल आला. दोन फाइली होत्या. मी माझी उघडली.

चौदा पानं. त्यात चार आकडे ठळक अक्षरांत, शेजारी बाण. ठळक अक्षरांची भीती मला शाळेपासून आहे. प्रगतिपुस्तकात तांबड्या शाईचं काम आता यांनी घेतलंय. पण रात्री डोकं शांत झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. यातल्या बऱ्याच चाचण्यांमध्ये 'नॉर्मल' म्हणजे काय, तर धडधाकट माणसांचे आकडे गोळा करायचे आणि मधले ९५ टक्के नॉर्मल धरायचे. म्हणजे शंभर ठणठणीत माणसांतली पाच जणं प्रत्येक चाचणीत ठरवूनच बाहेर. आता अशा ७२ चाचण्या लावा आणि त्यांची आपसात काही सोयरीक नाही असं समजा. गणित केलं तर शंभर धडधाकटांतून जेमतेम दोन-तीन जण सगळीकडून कोरे सुटतात. खऱ्या चाचण्यांची सोयरीक असते, त्यामुळे प्रकरण इतकं वाईट नसतं. तरी पॅकेज जितकं मोठं तितका आजार सापडण्याचा योग मोठा, हे पैसे भरण्याआधी लिफ्टमध्ये कुणी लिहीत नाही. व्हिटॅमिन डी कमी निघालं. माझ्या ओळखीत ज्याने ज्याने तपासलं त्याचं कमीच निघालंय. एवढं ऊन असलेल्या देशात सगळे सावलीच्या बाजूची सीट पकडतात, दुसरं काय होणार.

कोलेस्टेरॉलचं मात्र तसं नव्हतं. तिथली मर्यादा गर्दीच्या सरासरीवरून आलेली नसते, हृदयाचं काय होतं ते बघून ठरवलेली असते. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८. पाहिजे शंभरच्या आत. आणि कळलं की ते १४८ कुणी मोजलेलंच नव्हतं! एकूण २२६, त्यातून चांगलं ४१ वजा, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) १८५ भागिले पाच म्हणजे ३७, तेही वजा. उरले १४८. कित्येक लॅब अजून असंच काढतात. १९७२ सालचं हे सूत्र माझ्याहून दोन वर्षांनी मोठं आहे. चौथीतल्या वजाबाकीवर माझ्या हृदयाचा निकाल. हातचा चुकला असेल म्हणून मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा १४८.

आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बीपी घेतलं, १४६. "घरी १२८ येतं हो," मी म्हटलं. "सगळ्यांचं घरी चांगलं येतं," ते म्हणाले. खरं म्हणजे डॉक्टर दिसले की बीपी चढतं याला रीतसर नाव आहे, पण ते डॉक्टरांना कसं सांगायचं? वडिलांना अठ्ठावन्नाव्या वर्षी अ‍ॅटॅक आला होता, तेही त्यांनी लिहून घेतलं. मग कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

हृदयविकाराचा धोका काढणाऱ्या या कॉम्प्युटरातल्या हिशेबाची कुळकथा मला नंतर वाचायला मिळाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ साली ५,२०९ माणसांना धरून बसवलं आणि कुणाला हृदयविकार होतो हे वर्षानुवर्षं बघितलं. जगभरच्या धोक्याचं गणित तिथून सुरू झालं. त्या ५,२०९ जणांत कल्याणहून भरून आलेल्या लोकलला रोज लटकणारा कुणी असण्याची शक्यता कमीच. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच ब्रिटिशांचं सूत्र काढलं. त्यात 'भारतीय' असा वेगळा रकाना असतो. आपल्याकडची हृदयं गोऱ्यांच्या आधी पाच-दहा वर्षं कुरकुरायला लागतात, हे त्यांनी हिशेबात धरलंय. दीडशे वर्षं राज्य केल्यावर एवढी ओळख असायचीच.

उत्तर आलं ११ टक्के.

"म्हणजे असं बघा," डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारखे शंभर जण घेतले, तर दहा वर्षांत अकरा जणांना अ‍ॅटॅक नाहीतर स्ट्रोक येईल. कोलेस्टेरॉलची गोळी घेतली तर आठ जणांना. चालू करूया?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. चूक तिथेच झाली.

कारण त्या रात्रीपासून ते शंभर जण माझ्या डोक्यात राहायला आले. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर एका रांगेत शंभर मी. सगळ्यांच्या खांद्याला तीच झिप गेलेली बॅग, सगळ्यांचं पोट त्याच शर्टाच्या त्याच बटणाला ताण देतंय. सगळे जण रोज रात्री गोळी घेतायत. दहा वर्षं. ३,६५० गोळ्या माणशी. त्यातले एकोणनव्वद जण गोळी नसती तरी ठणठणीतच राहणार होते; ते बिचारे उगाच गिळतायत. आठ जण गोळी घेऊनही आडवे होणार. आणि तिघे वाचणार. फक्त तिघे! पण त्या तिघांच्या दृष्टीने बघाल तर त्यात 'फक्त' कुठे आहे? बरं, ते तिघे कोण हे त्यांनाही कधी कळणार नाही. अ‍ॅटॅक न आलेला माणूस गोळीचे आभार मानायला जात नाही. तो साखरेचा भाव का वाढला म्हणून भांडत असतो.

मी रांगेत स्वतःला शोधत होतो. सगळे सारखेच दिसत होते.

हे मी डब्यातल्या मंडळींना सांगितलं. आमच्या डब्यात चौथ्या सीटवर बसणाऱ्या माणसाला सगळ्या विषयांतलं कळतं. तो म्हणाला, "गोळी चालू करू नका. एकदा लागली की सुटत नाही." जणू गोळी म्हणजे दारू. (सुटत नाही हे खरं, पण चष्माही सुटत नाही. गोळी थांबवली की आकडे पुन्हा मूळ गावी जातात, एवढाच तो प्रकार.) दुसऱ्याने लसणाच्या दोन पाकळ्या अनशापोटी चावायला सांगितल्या. त्या चार दिवस खाल्ल्या. पाचव्या दिवशी मला लोकलमध्ये सहज जागा मिळाली. तिसऱ्याने दुधीचा रस सुचवला. माझी आत्या तो रोज प्यायची, पण ती आधी दुधीची चकती चाखून बघायची. कडू निघाला तर थेट टाकून द्यायचा, कारण कडू दुधीचा रस खरोखरच विषारी असतो आणि त्याने माणसं दगावली आहेत. कोलेस्टेरॉल कमी करायला जाऊन कोलेस्टेरॉलवालाच कमी व्हायचा.

मेहुण्याने पाच लिटर शेंगदाणा तेलाचा डबा आणून दिला. त्यावर हृदयाचं चित्र आणि 'कोलेस्टेरॉल-फ्री'. आता कोलेस्टेरॉल प्राण्यांकडून येतं. झाडापासून निघणाऱ्या कुठल्याच तेलात ते मोजण्याइतकं नसतं. हे म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये वाघ नाहीत असं गेटवर लिहिण्यासारखं आहे. शिवाय शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं आपणच यकृतात तयार करतो. मी वडा नाकारला तरी आतला कारखाना चालूच. त्या रात्रीचे बटाटेवडे खायला हवे होते असं तेव्हा फार वाटलं. उपास नेमका आड आला.

गोळीबद्दल वाचायला लागलो आणि एक मोठा गोड माणूस भेटला. अकिरा एंडो. जपानी शास्त्रज्ञ. बुरशीत असं काही सापडेल का, जे कोलेस्टेरॉल बनणं थांबवेल, म्हणून त्यांनी १९७०च्या दशकात सुमारे सहा हजार बुरशा तपासल्या. सापडलं ते क्योतोतल्या तांदळावरच्या बुरशीत. आमच्याकडे तांदळाला बुरशी धरली तर दुकानदाराशी भांडण होतं, त्यांच्याकडे औषध झालं. त्यातूनच स्टॅटिन जातीच्या गोळ्या निघाल्या आणि १९८७ साली अमेरिकेत पहिली बाजारात आली. पुढे म्हातारपणी एंडोंचं स्वतःचं कोलेस्टेरॉल वाढलं. समोर कोण बसलंय हे डॉक्टरांना माहीत नसावं. ते त्यांना धीर देत म्हणाले, काळजी करू नका, यावर फार चांगल्या गोळ्या आहेत! ही गोष्ट मला इतकी आवडली की दोन दिवस निर्णयच पुढे ढकलला.

मग दुष्परिणामांचं वाचलं. स्नायू दुखू शकतात. त्याच संध्याकाळी माझी उजवी मांडी दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी डावी. जिना उतरताना मी कठड्याला धरून उतरू लागलो. २०२० साली लंडनच्या डॉक्टरांनी एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला होता: गोळीने त्रास होतो म्हणून ती सोडून दिलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी, आणि काही महिने काहीच नाही. खरी गोळी घेताना जेवढा त्रास व्हायचा त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीनेही झाला. म्हणजे दुखतं ते खरंच दुखतं, पण बहुतेक वेळा ते गोळीच्या धास्तीनेच. मी त्या साठ जणांच्याही पुढे गेलो होतो. मी गोळी विकतसुद्धा घेतली नव्हती.

असे दोन महिने गेले. डॉक्टरांची चिठ्ठी पाकिटात होती, घडीवर फाटायला आली होती. रोज रात्री पलंगावर पडून मी प्लॅटफॉर्मवर जायचो. रांग तशीच उभी असायची. एकदा तर त्यातल्या एकाने मला विचारलं, "काय, ठरलं का?"

परवा रात्री अकरा वाजता मला काहीतरी कुरकुरीत खावंसं वाटलं. घरात चकल्या आहेत हे मला वासावरून कळतं, कुठे आहेत हे कळत नाही. बायको जागा बदलत असते. फडताळात मागच्या रांगेत, पोह्यांच्या डब्याआड एक जुना स्टीलचा डबा होता. उघडला. आत चकल्या होत्या आणि त्यांच्यावर गोळ्यांची एक स्ट्रिप. दहांतल्या सहा फोडलेल्या. नाव वाचलं. माझ्या चिठ्ठीवर होतं तेच, तेवढ्याच ताकदीची.

"हे काय आहे?"

बायको मागे येऊन उभी होती. "माझी गोळी. आठ वाजताच घ्यायची होती, राहिली."

"तुझी? कधीपासून?"

"दोन महिने होत आले. तुमच्या दुसऱ्या दिवशी मी गेले होते डॉक्टरांकडे. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर पण आला होता ना. एलडीएल १७१ आहे माझं. ते म्हणाले, घ्या. म्हटलं, बरं."

"अगं पण… विचार नाही केलास?"

"केला की. रिक्षात."

मी डबा हातात धरून उभा राहिलो. विचारायचं पुष्कळ होतं. मला सांगितलं का नाहीस, हे तर होतंच, पण त्याचं उत्तर माझ्या मेलमध्ये दोन महिने न उघडलेलं पडलं होतं. म्हणून भलतंच विचारलं. "आणि पाय वगैरे दुखतात का गं तुझे? त्या गोळीने?"

"दुखतात ना," ती म्हणाली. "तेवीस वर्षं दुखतायत. गोळीच्या किती आधीपासून."

तिने माझ्या हातातली स्ट्रिप घेतली, सातवी गोळी फोडली, माठातल्या पाण्याबरोबर गिळली आणि जाताना सवयीने स्वयंपाकघराचा दिवा मालवला. अंधारात चकलीचा डबा घेऊन आम्ही तसेच उभे होतो, शंभरच्या शंभर.